मिरामारची १९८९ची इमारत: शिल्लक आयुष्य २४ वर्षं लिहिलं, बँक आधार मागते

रिपा_वासा (फोंडा)

मी व्हॅल्युअर. माझे दोन मूल्यांकन अहवाल एकाच मुद्द्यावर परत आले आहेत: इमारतीचं शिल्लक आयुष्य.

पहिला पणजीतल्या मिरामारचा. समुद्रापासून साधारण ४०० मीटरवर आरसीसी इमारत, स्टिल्ट (खाली कॉलमवरची मोकळी जागा) अधिक चार मजले, ऑक्युपन्सी (वापराचा दाखला) १९८९. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बांधीव १०० चौ.मी. एकूण आयुष्य ६०, वय ३६, शिल्लक २४. भंगारमूल्य १० टक्के धरून घसारा ३६ ÷ ६० × ९० = ५४ टक्के. कर्ज २० वर्षांचं, आणि बँकेला मुदतीच्या वर ५ वर्षं हवीत, म्हणजे २५. एका वर्षासाठी अडलंय. ग्राहक म्हणतो २६ करा, तपासनीस विचारतो २४ तरी कुठून आणले.
प्रत्यक्ष स्थिती: स्टिल्टमधल्या दोन कॉलमना कोपऱ्यालगत उभ्या चिरा, पश्चिमेकडच्या बाल्कन्यांचं खालचं प्लास्टर सुटलंय, टॉयलेटखाली ओल. आतल्या खोल्या ठणठणीत. गच्चीवर पत्र्याची शेड.

दुसरा फोंडा तालुक्यातला. मातीत बांधलेलं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर, मागे नव्वदच्या दशकात जोडलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. मूळ घराचं वय कोणाला सांगता येत नाही, सत्तरच्या वर नक्की. भारवाहक (भिंतींवरच भार असलेल्या) बांधकामाला ५५ धरलं तर शिल्लक उणे येतं, आणि घरात तर माणसं राहतायत.

वजाबाकीपलीकडे काय करायचं, ते पायरीपायरीने कोणी सांगेल का?

---

घसारा_पत्रक (मडगाव)

आधी ६० हा आकडा कुठला ते पाहा. कंपनी कायदा २०१३च्या दुसऱ्या अनुसूचीत आरसीसी फ्रेमच्या इमारतीला ६० वर्षं आणि बिगर आरसीसीला ३० वर्षं दिली आहेत. ती हिशेबाच्या वह्यांत घसारा लिहिण्यासाठी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आरसीसी फ्रेमला ७५ आणि भारवाहक बांधकामाला ५५ धरतो, ते सरकारी इमारतींच्या देखभालीच्या नियोजनासाठी. दोन्हीपैकी एकाही तक्त्याने मिरामारचा खारा वारा पाहिलेला नाही.

आता तुमचीच इमारत ७५ने मोजा. शिल्लक ३९, घसारा ३६ ÷ ७५ × ९० = ४३.२ टक्के. इमारत तीच, चिरा त्याच, फक्त तक्ता बदलला की १५ वर्षं वाढली. तपासनीस आधार मागतो तो यासाठीच, आणि माझ्या मते बरोबर मागतो.

पैशांत फरक किती? नवीन बांधकामाचा खर्च चौ.मी.ला २४,००० धरू (फक्त उदाहरणापुरता), म्हणजे २४ लाख. ६०ने मोजलं तर उरतात ११.०४ लाख, ७५ने १३.६३ लाख. फरक अडीच लाखांच्या आसपास. पण फ्लॅटची किंमत तुम्ही बहुधा आजूबाजूच्या विक्रीवरून एकत्रित दराने काढली असणार, आणि मिरामारला त्या दरात जमिनीचा वाटा मोठा. त्यामुळे शिल्लक आयुष्याने इथे किंमत फारशी हलत नाही, हलते ती कर्जाची मुदत. फोंड्याच्या घराला मात्र जमीन आणि बांधकाम वेगळं मोजाल, तिथे हा आकडा थेट किमतीत उतरतो.

आणि वय ऑक्युपन्सीपासून मोजलंय ते ठीक, पण सांगाडा त्याआधी किती वर्षं उघडा पडून होता तेही विचारा. काम रखडून सळ्या दोन-तीन पावसाळे उघड्या राहिल्या असतील तर गंज आत घेऊनच इमारत पुरी झालेली असते. विक्रीखताची तारीख कधीच धरू नका. पहिली घरपट्टी कोणत्या वर्षी बसली ते नगरपालिकेत किंवा पंचायतीत मिळतं.

---

गाभा_कव्हर (वास्को)

मी रचनेच्या बाजूने लिहितो. आरसीसीचं आयुष्य म्हणजे मुख्यतः आतल्या सळ्यांचं आयुष्य. त्यांना गंज दोन वाटांनी लागतो: हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा अल्कलीपणा घालवत आत सरकतो (कार्बोनेशन), किंवा मिठातला क्लोराइड सळईपर्यंत पोचतो. दोन्हींची चाल मोजता येते.

कार्बोनेशन. कोपऱ्यावर ताजी खपली उडवायची, धूळ फुंकायची, फिनॉल्फ्थॅलीनचं १ टक्का अल्कोहोलमधलं द्रावण फवारायचं. गुलाबी झालं तो भाग शाबूत, रंग न चढलेल्या पट्टीची खोली पट्टीने मोजायची. खपली ताजीच हवी. जुन्या तुटलेल्या पृष्ठावर फवारून काही कळत नाही. खोली वयाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. समजा १८ मिमी आली. ३६चं वर्गमूळ ६, म्हणून गुणांक ३. आता कव्हरशी, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीशी, ताडा. १९७८च्या आयएस ४५६प्रमाणे (काँक्रीटचं भारतीय मानक) स्लॅबला १५, बीमला २५, कॉलमला ४० मिमी कव्हर असे.

स्लॅब: (१५ ÷ ३)चा वर्ग = २५ वर्षं, म्हणजे २०१४लाच सळई गाठली.
बीम: (२५ ÷ ३)चा वर्ग = ६९ वर्षं, अजून ३३ शिल्लक.
कॉलम: १७८ वर्षं, म्हणजे ही वाट कॉलमला लागूच नाही.

हे कागदावरचं कव्हर. त्या काळी कव्हरला चिऱ्याची कपची लावलेली सर्रास सापडते, काही ठिकाणी तीही नाही. कव्हरमीटर फिरवून प्रत्यक्ष आकडा घ्या, मग वर्ग करा. १५ऐवजी १० निघाले तर २५ची ११ वर्षं होतात. वरचा गिलावा कव्हरमध्ये धरू नका.

इथे बरेच जण चुकतात: कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलं म्हणजे आयुष्य संपलं असं नाही. गंज चढायला ओल लागते. आतल्या कोरड्या खोलीचा स्लॅब त्या अवस्थेत दशकभर आणि जास्तही निवांत राहतो. तोच स्लॅब टॉयलेटखाली असेल, वर विटांच्या तुकड्यांचा भराव कायम भिजलेला असेल, तर काही थोड्या वर्षांत पोपडे सुटतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. तुमच्या खोल्या ठणठणीत आणि टॉयलेटखाली ओल, याचा अर्थ हाच.

क्लोराइड. तुमच्या कॉलमच्या चिरा मला जास्त काळजीच्या वाटतात. कोपऱ्यालगत, मुख्य सळईच्या रेषेत उभी चीर म्हणजे गंज. तिरकी असती तर पाया किंवा भाराकडे पाहिलं असतं. ड्रिलने ०–१०, १०–२०, २०–३०, ३०–४० मिमी अशी थरांची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या आणि प्रयोगशाळेत द्या. आयएस ४५६ची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो. प्रयोगशाळा टक्क्यांत देते; काँक्रीट २४०० किलो धरलं तर ती मर्यादा वजनाच्या ०.०२५ टक्के होते. त्याहून महत्त्वाचा आकडेवारीचा उतार. बाहेर जास्त आणि आत कमी असेल तर मीठ वाऱ्याने आलंय, पृष्ठावर थर देऊन त्याला अडवता येतं. चारही थरांत सारखंच असेल तर ते मिसळतानाच आत गेलं: भरतीच्या पट्ट्यातली न धुतलेली नदीची रेती किंवा खाऱ्या विहिरीचं पाणी. मग ते प्रत्येक कॉलममध्ये आहे आणि वरचा रंग कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

हाफसेल चाचणीत (सळईचा विद्युतदाब मोजतात) −३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, −२००पेक्षा कमी ऋण असेल तर तितकीच शक्यता नसण्याची. मधला पट्टा संदिग्ध. रंगावरून किंवा टाइल्सवरून घेतलेले आकडे फेकून द्या. पृष्ठ खरवडून ओलं करावं लागतं आणि एक टोक सळईलाच जोडावं लागतं. रिबाउंड हॅमरवर (पृष्ठाचा कडकपणा मोजणारा हातोडा) तर एकट्यावर कधीच विसंबू नका: कार्बोनेशन झालेली त्वचा कडक होते आणि जुनं काँक्रीट आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. अल्ट्रासोनिकचा, म्हणजे काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीचा, वेग सोबत हवा. सेकंदाला ३ किमीच्या खाली आला तर तिथे कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढा.

बाल्कनीबद्दल वेगळं सांगतो. कँटिलिव्हरची (एकाच बाजूने धरलेल्या स्लॅबची) मुख्य सळई वरच्या बाजूला असते, पाणीही वरूनच मुरतं. खालचे पोपडे दिसतात ते दुय्यम सळ्यांचे. वरच्या टाइलखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि बाल्कनी इशारा न देता पडते. दोन टाइल्स उचलून सळईचा व्यास मोजायला लावा. १२ मिमीची सळई १० उरली असेल तर व्यास २ मिमीने घटला, पण क्षेत्रफळ ३१ टक्के गेलं.

---

रिपा_वासा (फोंडा)

पण मी व्हॅल्युअर, ऑडिटर नाही. एका फ्लॅटच्या अहवालासाठी सोसायटी मला कॉलम भोसकू देणार नाही. चाचण्यांशिवाय काय लिहायचं? आणि सोसायटीने दुरुस्ती केली तर किती वर्षं वाढवायची?

---

घसारा_पत्रक (मडगाव)

सोसायटीकडे जुना स्ट्रक्चरल ऑडिट आहे का ते आधी लेखी विचारा. नसेल तर नसल्याचं अहवालात लिहा, ते वाक्यसुद्धा आधारच आहे. मग डोळे आणि हातोडी. फ्लॅट पाहून निघून येऊ नका. इमारत फ्लॅटमध्ये नसते. स्टिल्टमधले सगळे कॉलम जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत, टाकीखालचे कॉलम, जिन्याचा मधला टप्पा, पश्चिम आणि नैऋत्येचे छज्जे, टॉयलेटच्या बाहेरचे पाइप. हातोडीने पोकळ वाजणारी जागा खडूने घेरा आणि फोटो काढा. चीर आणि पोपडे असलेल्या घटकांची संख्या एकूणपैकी किती ते मोजा: "२४पैकी २ कॉलम, २०पैकी ७ बाल्कन्या" असं वाक्य "स्थिती मध्यम" या दोन शब्दांपेक्षा शंभरपट उपयोगी.

मग परिणामी वय, म्हणजे स्थितीवरून इमारत जितक्या वर्षांची धरावी ते, ठरवा. चाचण्या नसतील तेव्हा हा शेवटी अनुभवाचा निर्णय असतो, पण तो उघड मांडता येतो. कॉलम जवळपास सगळे शाबूत, बीम शाबूत, नुकसान बाल्कनी-टॉयलेटपुरतं: प्रत्यक्ष वयच परिणामी वय. कॉलमना गंज सुरू आणि समुद्र जवळ: वयापेक्षा जास्त. मी तुमच्या वर्णनावरून ४० धरीन, एकूण ६०, शिल्लक २०.

दोनदा वजावट मात्र करू नका. बाल्कन्यांच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वेगळा वजा केलात तर त्याच बाल्कन्यांसाठी आयुष्य पुन्हा कमी करू नका. बँकेचे तपासनीस हे पकडतात.

---

गाभा_कव्हर (वास्को)

दुरुस्तीने वर्षं वाढवण्याबाबत हात आखडता ठेवा. नीट दुरुस्ती म्हणजे सळईच्या मागे बोट जाईल, साधारण २० ते २५ मिमी, एवढं तोडणं, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासणं, क्षेत्रफळ घटलं तिथे नवी सळई जोडणं, मग गंजरोधक थर आणि पॉलिमर मॉर्टर. प्रत्यक्षात होतं काय, सैल पोपडा पाडला, तांबड्या सळईवरच रसायन फासलं आणि गिलावा ओढला. पावसाळ्याआधी रंग झाला की सोसायटी खूश.

आणि नीट केलेलं ठिगळसुद्धा क्लोराइडच्या काँक्रीटमध्ये एक नवं दुखणं आणतं. ठिगळातली सळई सुरक्षित झाली की तिच्या लगतची, जुन्या खाऱ्या काँक्रीटमधली सळई आता वेगाने गंजू लागते. म्हणून काही वर्षांत ठिगळाच्या कडेने गोल चीर उमटते. फोटोत अशी चीर दिसली तर ती जुनी दुरुस्ती आणि चालू गंज, दोन्हीचा पुरावा.

म्हणून नियम सोपा: दुरुस्तीने मी आयुष्य वाढवत नाही, घट थांबल्याचं धरतो. कॉलम जॅकेटिंग (कॉलमभोवती सळ्या-काँक्रीटचं नवं आवरण) झालं, बिलं आणि नकाशे आहेत, क्लोराइडचा अहवाल मर्यादेखाली आहे, तरच परिणामी वय मागे नेतो. नुसत्या रंगाला शून्य वर्षं.

तुलनेला एक गोष्ट: आजचा आयएस ४५६:२००० किनारी हवेला "तीव्र" वर्गात घालतो, किमान एम३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि ४५ मिमी कव्हर. १९८९मध्ये एम१५ आणि स्लॅबला १५ मिमी कायदेशीर होतं. तेव्हाच्या इमारतीला आजच्या इमारतीचं आयुष्य देणं हे मूळातच चूक.

---

चिरेखाण (डिचोली)

फोंड्याच्या घराबद्दल. उणे आकडा येतो कारण घराला तुम्ही एकच वय देताय. तीन भाग करा.

भिंती: चिरा कोरडा राहिला तर त्याला वय नाही. त्याचे शत्रू दोन, छपरातून उतरलेलं पाणी आणि जोत्याला उडणारा पावसाचा शिंतोडा. आपल्याकडे तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जोत्याचा गिलावा गेला की खालचे दोन-तीन थर भिजून मऊ होतात, नखाने खरवडले तर पिवळी माती निघते. ती उंची मोजा. सांध्यांतली माती धुऊन ते रिकामे झालेत का ते सळईने टोचून पाहा. ओळंबा सोडा: भिंत बाहेर झुकली असेल तर कारण बहुतेक वेळा वर, छपराच्या रेट्यात असतं. आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर कोणी सिमेंट ओढलं असेल तर आत ओल कोंडलेली असणार. ठोकून पाहा, चादरीसारखं सुटलेलं निघेल.

छप्पर: खरं आयुष्य इथे ठरतं. कौलं बदलता येतात, रिपा स्वस्त, वासे मध्यम, आढं आणि भिंतीत घुसलेली टोकं महाग. टोकांनाच वाळवी आणि कूज, कारण तिथे हवा नाही. पेचकस टोचा, सहज सेंटिमीटरभर आत गेला तर ते टोक बाद. सागवान, मट्टी (ऐन), फणस, माड यांना एकाच मापाने मोजू नका. माडाचे वासे असतील तर वेगळं लिहा.

मागच्या खोल्या: नव्वदच्या दशकातला स्लॅब, त्याला गाभा_कव्हरनी सांगितलेलं सगळं लागू. बहुधा हाच भाग आधी मोडेल आणि मूळ घर उभं राहील. जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यात चीर असतेच, ती धोक्याची नाही; पाणी जात असेल तर आहे.

मग प्रत्येक भागाला क्षेत्रफळाप्रमाणे आजचा बांधकामखर्च, वेगळा घसारा, वेगळं शिल्लक आयुष्य. मूळ भागाला तक्ता लावू नका. "सध्याच्या देखभालीत १५ वर्षं, वासे बदलण्याचा खर्च अमुक वजा केल्यास २५" असं लिहा. भंगारमूल्यही सरसकट १० टक्के नको: सागवानी आढं, वासे, दारं, अख्खे चिरे यांना गिऱ्हाईक आहे, तर आरसीसी स्लॅब पाडायला उलट खिशातून पैसे जातात.

वयाचा पुरावा: सर्व्हेच्या नकाशावर घर दाखवलंय का ते पाहा. असेल तर ते त्या मोजणीच्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, उभं होतं एवढं तरी सिद्ध होतं. पोर्तुगीजकाळची मात्रीज (घर-जमिनीच्या कराची) नोंद मिळाली तर आणखी मागे जाता येतं. मंगळुरी कौलांवरचा छाप वयाचा पुरावा नाही. छप्पर कधीही बदललेलं असू शकतं.

---

एक_चौदा (पेडणे)

सगळे काँक्रीटवरच बोलताय. इमारत शाबूत असूनही आयुष्य संपू शकतं, आणि किनारपट्टीत तेच जास्त होतं. जमिनीचा भाव घराच्या कित्येक पट झाला की घेणारा घर पाडायलाच घेतो. तिथे भौतिक आयुष्य ३० असलं तरी आर्थिक आयुष्य दोन-चार वर्षांचं. उलट, मिरामारच्या सोसायटीच्या नावावर जमीन चढलेलीच नसेल तर पुनर्विकास अडकतो आणि मोडकी इमारत नाइलाजाने वापरात राहते. तेही लिहा.

सीआरझेडमधलं (किनारी नियमन क्षेत्रातलं) घर असेल तर ते १९ फेब्रुवारी १९९१पूर्वीचं असल्याचा पुरावा फाइलीत हवा. नसेल तर शिल्लक आयुष्याचा प्रश्न वेगळाच. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर पट्ट्याची उरलेली मुदत ही कमाल मर्यादा. फोंड्याच्या घरात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणारा) आहे का तेही एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन-नोंदीच्या) उताऱ्यावर आणि मुंडकार नोंदवहीत पाहून घ्या. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे, तेव्हा "पाडून नवीन" हा हिशेब तिथे चालणार नाही.

भौतिक, आर्थिक, कायदेशीर: तिन्हींतला सगळ्यात छोटा आकडा रकान्यात.

---

घसारा_पत्रक (मडगाव)

शेवटचं मान्य. रिपा बाब, मिरामारसाठी रकान्यात २० आणि शेऱ्यात असं काहीतरी:

"ऑक्युपन्सी १९८९, प्रत्यक्ष वय ३६. समुद्रापासून सुमारे ४०० मीटर. दृश्य तपासणी आणि हातोडी-चाचणी. काँक्रीटच्या चाचण्या केलेल्या नाहीत, सोसायटीकडे ऑडिट अहवाल उपलब्ध नाही. स्टिल्टमधील २ कॉलमना गंजाच्या चिरा, फोटो क्र. अमुक. परिणामी वय ४०, एकूण आयुष्य ६०, शिल्लक २० वर्षे. कॉलमची क्लोराइड व हाफसेल चाचणी आणि त्यानुसार दुरुस्ती झाल्यास फेरविचार शक्य."

यावर बँक १५ वर्षांचं कर्ज देईल, आणि ग्राहकाला २० हवं असेल तर सोसायटीकडून ऑडिट आणण्याची वाट मोकळी. २६ लिहिणं सोडाच.

---

रिपा_वासा (फोंडा)

चालेल. पत्र्याच्या शेडचं काय, तिने वर्षं वाढतात?

---

गाभा_कव्हर (वास्को)

वरच्या स्लॅबची वाढतात, कॉलमची नाही. शेडच्या आधी गच्ची किती वर्षं गळत होती ते वरच्या मजल्याच्या छतावरच्या पांढऱ्या क्षारांवरून कळतं. शेडला पालिकेची परवानगी आहे का ते पाहा, आणि पन्हळीचं पाणी कुठे सोडलंय तेही. बऱ्याच ठिकाणी पाइप अर्ध्यावर तुटलेला असतो आणि सगळा पावसाळा एकाच कॉलमवर ओतत असतो. तुमच्या त्या दोन चिरा पडलेल्या कॉलमच्या वर एकदा बघून या.